डिझायनरची फेलोशिप, वर्षभर चपलांच्या गावात – जावं का?

कोरीपाटी | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी प्रॉडक्ट डिझाइन शिकलेली, वय २६, पुण्यात एका ॲप कंपनीत तीन वर्षं नोकरी. काम काय, तर 'पैसे भरा' हे बटण हिरवं ठेवायचं की निळं यावर आठवडाभर मीटिंगा. गेल्या वर्षी वैतागून एका फेलोशिपला अर्ज टाकला, म्हटलं कोण घेतंय, आणि घेतलं की हो त्यांनी! डिझाइन, आर्किटेक्चर वगैरे केलेल्या पोरांना वर्षभर एखाद्या स्थानिक संस्थेकडे ठेवतात, तिथल्या लोकांसोबत राहून काम करायचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून सही केलेली नाही. मला मिळालंय कोल्हापूर जिल्ह्यात कर्नाटकच्या हद्दीलगतचं एक गाव, कोल्हापुरी चपला बनवणारी तीसेक घरं आहेत. मानधन महिना २२ हजार, राहायची सोय संस्था बघणार, १० जूनला रुजू व्हायचं.

बाबा म्हणतात "एवढं शिकवलं ते चपला शिवायला का", त्यावर आईने त्यांना जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. पण आईलाही काळजी आहेच, परत आल्यावर नोकरी मिळेल का वगैरे. मला स्वतःला भीती वेगळीच वाटतेय. मी तिथे जाऊन नक्की करणार काय? त्यांना चपला येतात, मला येत नाहीत. कुणी असं काही केलंय का? किंवा कुणाच्या गावात असा फेलो येऊन गेलाय का? खरं खरं सांगा.

चहाबिस्कीट | सोमवार, रात्री ११:४१

अभिनंदन! पहिला प्रतिसाद माझा.

वर्षाने तुझ्याच चपला झिजलेल्या असतील एवढं नक्की. गमतीचा भाग सोडला तर पैशाचं आधी बघ. पीएफ काढू नकोस, आरोग्य विमा स्वतःचा घेऊन ठेव (कंपनीचा नोकरीबरोबर जातो), आणि कसला हप्ता चालू असेल तर तो २२ हजारात बसतो का ते आजच कागदावर मांड. मेव्हणीचा मुलगा एसबीआयच्या यूथ फॉर इंडिया फेलोशिपमध्ये होता. ती २०११ पासून चालू आहे, १३ महिन्यांची, २१ ते ३२ वयाचे पदवीधर घेतात आणि बायफसारख्या ग्रामविकासाच्या जुन्या संस्थांकडे पाठवतात. त्यांच्या विषयांत पारंपरिक हस्तकला पण आहे. तो परत आल्यावर त्याला नोकरी मिळायला काही त्रास झाला नाही, उलट मुलाखतीत सगळे तेवढंच विचारत बसले.

तिरकस | मंगळवार, सकाळी ८:०५

आला, परत एक शहरी डिझायनर गाव शोधायला निघाला.

राग मानू नका ताई, पण २०२५ च्या जूनमध्ये मिलानला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेलं सरळ सरळ कोल्हापुरी घालून फिरली आणि नाव काय तर 'लेदर सँडल'. कोल्हापूरचा क नाही. इकडे बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे त्यांनी महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा कोल्हापुरीचीच. मग जुलैत माणसं कोल्हापुरात येऊन बघून गेली, डिसेंबरात महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकार या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार केला, दोन हजार जोड, एकेक साधारण ८०० युरोला! म्हणजे डिझायनरने काय केलं? होतं तेच उचललं आणि किंमत लावली. तुमची फेलोशिप त्याची छोटी आवृत्ती नसेल कशावरून?

कोरीपाटी | मंगळवार, सकाळी ९:३०

@तिरकस, राग नाही, हेच डोक्यात घुमतंय म्हणून तर धागा काढला.

बांबूवेड | मंगळवार, दुपारी २:१०

मी केलंय. दहा-अकरा वर्षं झाली, सिंधुदुर्गात, विषय बांबू. फेलोशिप आता बंद पडली म्हणून मोकळेपणाने लिहितो, नाव तरीही नाही लिहीत.

माझा पहिला महिना लोकांनी मला चहा पाजण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात मी स्केचबुक काढलं. मला वाटायचं की हे लोक सुपं, रोवळ्या, डालगी विणतात, त्यांना कुणी चांगलं डिझाइन दिलं की शहरात विकलं जाईल. मी दिव्याच्या शेड काढल्या. चौदा नमुने! त्यातली एक घुमटासारखी शेड तर मला इतकी आवडली की मी तिचे वेगवेगळ्या उजेडात तीनशे फोटो काढले असतील. विणणाऱ्या आजीने ती हातात फिरवून बघितली आणि विचारलं, "झिला, ह्यां कोण घेतलो?" मी म्हटलं मुंबईत घेतील. ती बरं म्हणाली.

मुंबईत एका प्रदर्शनात सहा गेल्या, तीन तर माझ्याच मित्रांनी घेतल्या. फेलोशिप संपली, मी आलो. दीड वर्षाने तिकडे गेलो तर ती घुमटाची शेड आजीच्या अंगणात उपडी, आणि आत कोंबडीची पिल्लं. विणलेली भारी होती, मजबूत, एक काडी हलली नव्हती. मला पहिल्यांदा वाईट वाटलं आणि मग इतकं हसू आलं की बस. माझ्या चौदा नमुन्यांपैकी वापरात तेवढा एकच राहिला होता, तोही तिने ठरवलेल्या कामासाठी.

पण असं समजू नकोस की काहीच होत नाही. तिथेच कुडाळला कोनबॅक ही संस्था २००४ पासून बांबूवर काम करतेय, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातल्या ए. जी. रावांसारख्या डिझायनरने बांबूत आयुष्याची वर्षं घातली. पण ती वर्षं आहेत. आपलं एक वर्ष, आणि त्यातले सहा महिने आपल्याला भाषा आणि माणसं कळण्यातच जातात.

अवांतर: कोकणात बांबू कापायला पण तिथी-चंद्र बघतात, पौर्णिमेच्या आसपास कापला तर कीड धरते म्हणे. आधी हसायचो, मग दोनदा माझ्या नमुन्यांतून भुसा गळायला लागला तेव्हा हसणं बंद केलं.

उंबरठा | मंगळवार, दुपारी ३:००

बांबूवेड, कोंबडीचा किस्सा भन्नाट! वाचतेय.

अटलांटाकर | मंगळवार, संध्या. ७:४५ (आमच्याकडे सकाळ)

इकडचं सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. अमेरिकेत एंटरप्राइज रोज फेलोशिप म्हणून आहे, २००० साली सुरू झाली, न्यूयॉर्कचे बिल्डर फ्रेडरिक रोज यांच्या नावाने. तरुण आर्किटेक्ट स्थानिक घरबांधणी संस्थेत जातो, आधी तीन वर्षं असायची, नंतर दोन केली. तो तिथे पाहुणा नसतो, संस्थेचा पगारी माणूस म्हणून बसतो, त्यामुळे गरिबांची घरं बांधताना कंत्राटदाराच्या बिलापासून ते पालिकेच्या परवान्यापर्यंत सगळ्यात हात घालावा लागतो. म्हणजे नुसतं रेखाटन देऊन सुटका नाही.

आणि माझ्यापासून तीनेक तासांवर अलाबामात हेल काउंटी आहे, अगदी गरीब भाग, तिथे ऑबर्न विद्यापीठाचा रूरल स्टुडिओ १९९३ पासून चाललाय. सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी काढलेला. विद्यार्थी तिथेच राहतात आणि लोकांसाठी खरी घरं बांधतात. सुरुवातीची घरं फोटोत फार गाजली. पुढे २००५ पासून त्यांनी '२०के हाउस' असा विचार धरला, की वीस हजार डॉलरात, सामान आणि मजुरी धरून, घर झालं पाहिजे. मला त्यातलं 'मजुरी धरून' फार आवडतं. विद्यार्थी फुकट राबतात म्हणून स्वस्त, असं नाही चालणार, उद्या गावातल्या गवंड्याने बांधलं तरी परवडलं पाहिजे.

आरीआणिवादी | मंगळवार, रात्री १०:५५

मी इथं फारसं लिहीत नाही पण धाग्याचं नाव बघून थांबलो. आमचं घर चपलांचंच. गाव तुमच्या गावापासून लांब नसावं. वडील (आम्ही आबा म्हणतो) पंचेचाळीस वर्षं चपला करतात, आई चपलेवरच्या चामड्याच्या वेण्या घालते, मी पुण्यात बँकेत आहे. माझ्या हाताला आरी धरायची सवय आहे पण मी धंद्यात नाही, ते आधीच सांगतो.

आमच्याकडं डिझायनर येऊन गेलेत. एक नाही तीन. कोणत्या योजनेतून आले ते नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. एक ताई तर आमच्या घरी जेवायची, आईला अजून फोन करते दिवाळीला. पण काय झालं ते सांगतो.

आबा साध्या चपलेचे दिवसाला दोन जोड काढतात. तळाला म्हशीचं चामडं, वरच्या पट्ट्याला शेळीचं. चामडं भिजवायचं, रापीनं कापायचं, ठोकून ठोकून दाबायचं, मग दोन थरांच्या मधी कान (बाजूचे, पट्टा धरणारे तुकडे) घालायचे आणि वादीनं (चामड्याच्या दोरीनं) शिवायचं, खिळा नाही. ताईंनी चित्र काढलं त्यात दोन गोष्टी नवीन. एक म्हणजे तळाच्या मधी फोमची पट्टी, मऊ वाटावं म्हणून. दुसरं, कान अर्धा इंच मागं. चित्रात झकास दिसत होतं, खोटं का बोला.

आबांनी बघितल्या बघितल्या सांगितलं की कान मागं घेतला तर पट्टा घोट्याच्या हाडावर येतो, चप्पल चावणार. ताई म्हणाल्या करून तर बघू. करून बघितलं. चावली. परत केलं, पाव इंच. कमी चावली. फोमचं तर विचारू नका, वादी ओढली की फोम दबतो, टाका बसल्यासारखा वाटतो आणि आठ दिवसांनी फोम उठतो की टाका सैल. मग तळ आ करतो. सहा नमुने झाले, चार दिवस गेले. चार दिवस म्हणजे आबांचे आठ जोड. शिवाय पान (चामड्याचा अख्खा तुकडा) कापून वाया गेलं ते वेगळं, कारण नमुन्याला एवढासा तुकडा लागतो पण तो पानाच्या मधनं काढला की बाकीचं चिंध्या होतंय.

त्या चार दिवसांचं आबांना काय मिळालं? चहा-बिस्कीट, एक प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. ताईंना त्या चार दिवसांचं मानधन होतं. गाडीवाल्याला होतं. फोटो काढायला आलेल्या पोराला होतं. नव्हतं ते फक्त ज्याच्या हातनं नमुना झाला त्याला.

म्हणून @कोरीपाटी, तुम्ही विचारलं खरं सांगा, तर एवढंच विचारतो. तुमच्या फेलोशिपच्या कागदात नमुन्याची मजुरी म्हणून ओळ आहे का? असली तर या. नसली तर आधी ती घालायला लावा, मग या. बाकी तुम्ही चांगल्या की वाईट, मराठी की इंग्रजी शाळेतल्या, त्याचं आम्हाला काय नाही.

आणि हो, १० जून! कुणी तारीख काढली ही? पावसाळ्यात चामडं वाळत नाही, बुरशी धरते, निम्मी घरं सप्टेंबरपर्यंत काम कमी करतात.

चहाबिस्कीट | मंगळवार, रात्री ११:१०

या प्रतिसादाला अनुमोदन. आणि यापुढे माझं सदस्यनाव बदलावं लागणार असं दिसतंय.

कोरीपाटी | बुधवार, रात्री १२:४०

झोप उडाली. उद्या संस्थेला फोन करते.

मास्तर_निवृत्त | बुधवार, सकाळी ७:१५

डिझाइनच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला जो इंडिया रिपोर्ट दिला त्यात पाण्याच्या साध्या तांब्याचं कौतुक आहे, की हा कुणा एकाने डिझाइन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडलाय. त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था झाली. पुढे १९७५ च्या सुमारास आयआयएम अहमदाबादचे संचालक राहिलेले रवी मथाई यांनी राजस्थानात अजमेर जिल्ह्यात जवाजाला काम सुरू केलं, एनआयडी सोबत. दुष्काळी भाग, विणकर आणि चर्मकार. आरीआणिवादी यांना हे आवडेल. तिथल्या चामड्याच्या पिशव्या वादीनेच गुंफलेल्या असतात. लोकांच्या हातात जे कसब आणि जी हत्यारं होती त्यातूनच वस्तू निघाली, फोम बाहेरून आणला नाही.

दुसरं उदाहरण कच्छचं. जुडी फ्रेटर या बाईंनी २००५ मध्ये कला रक्षा विद्यालय सुरू केलं, नंतर २०१४ पासून सोमैया कला विद्या. तिथे उलटीच गंगा, डिझायनरला गावात पाठवायचं नाही, कारागिरालाच डिझाइन शिकवायचं. आणि वेळापत्रक बघा, वर्षभराचा कोर्स पण दोन-दोन आठवड्यांचे तुकडे, मधल्या काळात माणूस घरी जाऊन आपलं काम करतो, कमावतो. कारण सलग वर्षभर बसवला तर त्याचं घर कोण चालवणार? वेळापत्रक करणाऱ्याने पोटाचा विचार केला होता, म्हणून टिकलं.

तिरकस | बुधवार, सकाळी ८:२०

मास्तर, मग कारागिरालाच का देत नाहीत फेलोशिप? २२ हजार महिना आबांना द्या आणि या ताईंना त्यांच्याकडे उमेदवारीला ठेवा.

(मी हे खवचटपणे लिहायला घेतलं होतं, लिहून झाल्यावर बरंच बरोबर वाटतंय.)

कार्यकर्ता_बायचान्स | बुधवार, सकाळी ११:३०

माझं मत पटणार नाही पण लिहितो, वीस वर्षं संस्थांमध्येच गेली माझी.

नमुन्याची मजुरी हा विषय दिसतो तेवढा सरळ नाही. आम्ही एका प्रकल्पात दिली होती, रोजाप्रमाणे. काय झालं? ज्यांना नवीन वस्तूत रस होता ते दोघं मागे राहिले आणि रोज मिळतो म्हणून अठरा माणसं आली. त्यांचंही चूक नाही, रोज मिळत असेल तर कोण सोडेल. पण वर्ष संपलं, रोज थांबला, आणि दुसऱ्या दिवशी नमुने माळ्यावर. वस्तू बाजारात जावी ही गरज कुणालाच उरली नव्हती, ना कारागिराला ना डिझायनरला, कारण दोघांचेही पैसे आधीच मिळालेले. फुकट राबवणं वाईटच. पण मजुरी हा त्यावर उतारा नाही एवढंच म्हणतोय.

आरीआणिवादी | बुधवार, दुपारी १:०५

साहेब, तुमच्या पगाराला हा नियम लावला होता का? पगार मिळतो म्हणून कामातला रस गेला असं?

कार्यकर्ता_बायचान्स | बुधवार, दुपारी १:२०

हा टोला बसला. मान्य.

तरी माझा मुद्दा उरतोच. रोज द्या म्हणणं सोपं आहे, पुढे काय?

निपाणीकर | बुधवार, दुपारी ४:३५

मधे पडतो. कोल्हापुरी म्हणताना सगळे फक्त कोल्हापूरच धरतात, २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो आठ जिल्ह्यांना आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत चपलांचं काम मोठं आहे. तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी बायकांचे गट धरून टोहोल्ड नावाने काम उभं राहिलं. गटाच्या बायका हिशेबापासून ते परदेशातल्या गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यात होत्या, आणि नुसतं चित्र न बघता मापावर लक्ष दिलं गेलं. हे माप फार महत्त्वाचं आहे हो. जुनी चप्पल पायाला हळूहळू बसते, तेल पाजा, पंधरा दिवस चावून घ्या. परदेशातला माणूस पंधरा दिवस चावून घेत नाही, परत पाठवतो.

दुसरं, डिझाइनच्या बाहेरचं पण बोला कुणीतरी. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल बंद झाली, आधी गाईची होतीच, कातड्याला राहिली म्हैस. पूर्वी गावातच बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावलं जायचं, ते करणारी घरं कमी होत चाललीत, बराच माल मद्रासकडून येतो. पान महाग झालं की कारागीर नमुन्याला हातच लावत नाही, परवडत नाही त्याला चुकणं.

बांबूवेड | बुधवार, संध्या. ६:१५

"परवडत नाही त्याला चुकणं". निपाणीकर, माझं अख्खं वर्ष या एका ओळीत आलं. मला चौदा वेळा चुकायचे पैसे मिळाले होते, आजीला एकदाही नाही. आणि मी आजीला त्या शेडचे काय दिले होते हे आत्ता जुन्या वहीत शोधलं. सुपाच्या दराने दिले होते. शेडला तीन दिवस लागले होते, सुपाला अर्धा.

कोरीपाटी | गुरुवार, रात्री ९:५०

फोन झाला. दोन वेळा झाला. जसं घडलं तसं लिहिते.

कागद मागून घेतला. वर्षाच्या अंदाजपत्रकात माझं मानधन आहे, प्रवास आहे, 'साहित्य' म्हणून ३० हजार आहेत, 'दस्तऐवजीकरण' म्हणून ४५ हजार आहेत (म्हणजे फोटो, एक छोटी फिल्म आणि शेवटी छापायचं पुस्तक). कारागिरांच्या नावाने एक रुपया नाही. मी विचारलं तर पलीकडच्या मॅडम जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या की कारागीर हे भागीदार आहेत ना, भागीदाराला मजुरी कशी देणार. मी म्हटलं मीपण भागीदारच आहे, मला देताय की. (हे मी खरंच बोलले, आवाज कापत होता.)

त्यावर त्या चिडल्या नाहीत, उलट म्हणाल्या काय हवंय ते लिहून पाठव, दस्तऐवजीकरणातून किती वळवता येतं बघते. आता लिहू काय ते सांगा. रोज लिहू की नगावर लिहू? कार्यकर्ता म्हणतात त्यात पण मला तथ्य वाटतंय.

आरीआणिवादी | गुरुवार, रात्री १०:३०

मी आज आबांना फोनवर विचारलं हेच. त्यांनी एका वाक्यात मिटवलं. म्हणाले, "रोज नको, ऑर्डर दे म्हणावं."

म्हणजे असं. नमुना म्हणून एक जोड करायला सांगू नका, वीस जोड घ्या. पैसे देऊन, आमच्या दराने. सहा ते दहा नंबरपर्यंत. वीस जोड म्हटलं की पान वाया जात नाही, कापणी लावता येते, एकातनं मोठा तळ, उरल्यातनं बायकांचा नंबर, त्याच्या उरल्यातनं अंगठे आणि पट्ट्या. पहिल्या दोन जोडांत चूक कळते, तिसऱ्यापासून आबा स्वतःच ती दुरुस्त करतात, तुम्हाला विचारत पण नाहीत. वेणीचे पैसे जोडामागं वेगळे लिहा, बाईच्या हातात द्या, पुरुषाच्या नाही. हे आईनं मागनं ओरडून सांगितलं.

मग ते वीस जोड तुम्ही विका, तुमच्या मैत्रिणींना, कुणालापण. नाही विकले तर तुमच्या अंगावर. तेव्हा तुम्हीपण चित्र काढताना जरा जपून काढाल.

कार्यकर्ता_बायचान्स | गुरुवार, रात्री १०:४८

हे मात्र मला शंभर टक्के पटलं. रोजात माल कुणाचाच नसतो, ऑर्डरीत कुणाच्या तरी गळ्यात पडतो. वीस वर्षांत आम्हाला हे सुचलं नाही असं म्हणणार नाही, सुचलं होतं, पण देणगीदाराच्या तक्त्यात 'खरेदी' हा रकानाच नसतो. प्रशिक्षण असतं, कार्यशाळा असते. तिथेच गाडं अडतं. तुमच्या मॅडमना सांगा 'साहित्य' या रकान्यात घाला, ऑडिटवाला काही बोलणार नाही.

अटलांटाकर | शुक्रवार, पहाटे ४:१०

एक शंका. वीस जोडांची ऑर्डर एकाच घराला देणार की तीस घरांत फिरवणार? गावात यावरून लागू शकतं.

निपाणीकर | शुक्रवार, सकाळी ९:००

लागू शकतं नाही, लागणारच. पहिले दोन महिने कुणालाच देऊ नका. नुसतं बसा सगळ्यांच्या दारात. कोण कशात हातखंडा आहे ते गावच सांगतं, कापणी अमक्याची, कान तमक्याचे, वेणी अमक्याच्या सुनेची. मग वाटून द्या.

मास्तर_निवृत्त | शुक्रवार, सकाळी ९:४०

आणि त्या दोन महिन्यांत पाय मोजा. थट्टा नाही करत. गावातले, बाजारातले, पुण्यातल्या मैत्रिणींचे, जमतील तेवढे पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा, कमानीची उंची, अंगठ्याची जाडी लिहा. तुम्ही डिझायनर म्हणून देऊ शकता अशी ही गोष्ट आहे जी आबांकडे नाही, कारण त्यांच्यापर्यंत गिऱ्हाइकाचा पाय येत नाही, व्यापारी येतो. कान कुठे असावा हे आबांना ठाऊक आहे, पण कोणाच्या पायाला, हे तुम्ही आणून द्या.

कोरीपाटी | शुक्रवार, रात्री ११:५५

पाठवलं. फिल्म काढून टाकली. म्हटलं फोटो मी मोबाइलने काढीन. पुस्तक पण काढून टाकलं, त्यावर त्या जरा अडल्या, शेवटी आठ पानांची पुस्तिका ठरली. ४५ मधले ३२ हजार वळले, 'साहित्य'चे ३० धरून ६२. त्यात वीस-वीस जोडांच्या तीन ऑर्डरी बसतायत असं आरीआणिवादी यांनी दर सांगितले त्यावरून दिसतंय, वेणीचे वेगळे धरून. तारीख मात्र बदलत नाही, सगळ्या फेलोंची एकत्रच असते, १० जून म्हणजे १० जून.

तिरकस यांची उमेदवारीची कल्पना पण लिहिली होती, की पहिले चार महिने मी कुणाच्या तरी हाताखाली शिकेन आणि शिकवणीचे पैसे त्यांना मिळावेत. ते नामंजूर. "असा रकाना नाही."

सोमवारी सही करतेय. बाबांना सांगितलं की वीस जोडांतला एक तुम्हाला विकत घ्यावा लागणार, तर म्हणाले "नऊ नंबर".

तिरकस | शनिवार, सकाळी ७:५०

माझा आठ. पण ८०० युरो देणार नाही, आधीच सांगतो.

आरीआणिवादी | शनिवार, सकाळी ८:३०

जून ते सप्टेंबर आमच्या आईकडं या, वेणी शिका, त्याला ऊन लागत नाही. शिकवणीचा रकाना आईकडंपण नाही. पहिली वेणी मांजराच्या शेपटीसारखी होते, तेव्हा उसवायची तयारी ठेवा. येताना पायात काय घालून येणार?

कोरीपाटी | शनिवार, सकाळी ८:४५

हाच प्रश्न पडलाय! पुण्यातली कोल्हापुरी घालून आले तर ते बघणार ही कुणाची आहे, आणि फ्लोटर घातले तर चपलांच्या गावात बरं दिसेल का?

आरीआणिवादी | शनिवार, सकाळी ८:५२

फ्लोटरच घाला. पावसात कोल्हापुरी घालतंय कोण, फुगून बोळा होईल. जूनमधी आबा स्वतः रबरी स्लिपर घालून फिरतात.